कंपनीचे बोलावणे

नांदेड जिल्ह्याबाहेरच्या माणसाला मुदखेडचे नाव ठाऊक असते ते बहुधा रेल्वेच्या वेळापत्रकामुळे. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी मजल करीत धर्माबाद-निजामाबादमार्गे सिकंदराबादेस पोहोचणाऱ्या लोहमार्गाला भोकर, हिमायतनगर आणि किनवटच्या रानातून आदिलाबादेस जाणारा फाटा जेथे फुटतो, ते हे जंक्शन. अशा ठिकाणी बसून मोटारीच्या खिडकीच्या काचेचा, तीत निघालेल्या दोषाचा आणि त्या दोषापायी कारखानदाराने विकलेला माल परत बोलावण्याच्या प्रथेचा इतिहास लिहावा, हे कोणास विचित्र वाटेल. हा विषय टोकियोचा, डेट्रॉईटचा, फार तर दिल्ली-पुण्याचा, असे म्हणावयास कोणाची हरकत नसावी. परंतु कारखानदाराने काढलेले बोलावणे महानगरातील पहिल्या मालकापर्यंत पोहोचते यात फारसे नवल नाही. ते तिसऱ्या-चौथ्या हातातून फिरत फिरत मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी आलेल्या मोटारीपर्यंत पोहोचते की नाही, यावरच त्या प्रथेचा कस लागतो.

या मुलखात खिडकी असलेले पहिले यांत्रिक वाहन आले ते लोहमार्गावरून. निजामाच्या हमीवर चाललेल्या रेल्वे कंपनीने एकोणिसावे शतक संपता संपता गोदावरीच्या खोऱ्यातून मीटरगेज मार्ग टाकला, आणि त्या डब्यांच्या लाकडी झडपांच्या खिडक्यांतून मराठवाड्याने बाहेरचे जग पाहावयास आरंभ केला. ती झडप अडकली, निसटली, एखाद्याच्या बोटांवर आदळली, तर त्याची तक्रार स्टेशनमास्तरापाशी करावी आणि डबा पुढे कारखान्यात जाऊन दुरुस्त व्हावा, एवढाच तो मामला. डबा बनवून घेणारी, चालविणारी, त्याचे भाडे घेणारी आणि मोडल्यास दुरुस्त करणारी संस्था एकच होती. वाहन तिच्या ताब्यातून कधी सुटतच नव्हते. जे हातातून सुटले नाही ते परत बोलावण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

रस्त्यावरील वाहतुकीतही संस्थानाने प्रथम हीच वहिवाट ठेवली. १९३० मध्ये रेल्वे कंपनी संस्थान सरकारने विकत घेतली, आणि १९३२ च्या जूनमध्ये तिच्याच अंगाखाली रस्ता-वाहतुकीचे स्वतंत्र खाते उघडले. २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढ्या सरंजामावर उभे राहिलेले हे खाते हिंदुस्थानातील सरकारी मालकीच्या रस्ता-वाहतुकीचा आद्य प्रयोग म्हणून ओळखले जाते. ग्लासगो येथील अल्बियन कंपनीच्या सांगाड्यावर बांधलेल्या त्या गाड्यांची प्रत्येक हालचाल दप्तरात नोंदलेली असे: कोणती गाडी कोणत्या आगारात, किती मैल धावली, कोणत्या दिवशी तिचे काय बदलले. संस्थानच्या जरीद्यात उर्दूतून प्रसिद्ध होणारे हुकूम रयतेच्या भाषेत किती उतरत हा वादाचा विषय असेल, आणि निजामी राजवटीचे गोडवे गाण्याचे मला काहीच प्रयोजन नाही. परंतु एखाद्या गाडीचा एखादा भाग सदोष निघाला असता तशा साऱ्या गाड्या दुसऱ्या दिवशी उभ्या करता याव्यात, इतपत त्या खात्याची नोंदवही पक्की होती हे मान्य केले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राजवट बदलली, १९५१ मध्ये हे खाते रेल्वेपासून अलग झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. नावे पालटली, गाड्यांचा रंग पालटला, पण गाडी खात्याची, कार्यशाळा खात्याची आणि वहीही खात्याचीच, हा क्रम अबाधित राहिला. एस. टी.च्या खिडकीची सरकती काच आयुष्यभर खडखडत राहते, पावसाळ्यात नेमकी उघडी आणि उन्हाळ्यात नेमकी बंद अडकते, हे प्रत्येक मराठी प्रवाशाला अनुभवाने ठाऊक आहे; तरीही त्या काचेने कोणाच्या घराला आग लावल्याचे ऐकिवात नाही.

खासगी मोटारीने हा क्रम मोडला. अॅम्बेसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, या दोन गाड्यांनी मराठवाड्यातील डॉक्टर, वकील, व्यापारी आणि पुढारी यांची दोन-तीन दशके वाहिली. त्यांच्या दारावर काच वर-खाली करण्यासाठी फिरवावयाचे एक हॅण्डल असे. ते झिजले की फिरून फिरून काच जागची हालत नसे. तुटून हातात आले तर दाराच्या खणात पक्कड ठेवून देत आणि टोलनाक्यावर किंवा पानाच्या ठेल्यापाशी त्या पकडीने खुंटी पिळून काच खाली घेत. या दोषाला एक मोठा गुण होता. तो डोळ्यांना दिसे, हाताला जाणवे, हळूहळू वाढे आणि मालकाच्या गैरसोयीपलीकडे त्याची मजल जात नसे. मिस्त्रीला दहा मिनिटांत कळे की दोष कोठे आहे, आणि त्यासाठी कंपनीला पत्र घालण्याची गरज कोणास भासत नसे.

खिडकीत वीज शिरली तेव्हा दोषाचे स्वरूपच पालटले. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या खिडक्या काढल्या, आणि १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलपासून विजेच्या मोटरवर चालणाऱ्या काचांचा प्रघात पडला. श्रीमंतीचे लक्षण म्हणून आलेल्या या सोयीने प्रथम गळे धरले ते लहान मुलांचे: खिडकीतून डोके बाहेर काढून गुडघ्यावर उभे राहिलेल्या मुलाचा गुडघाच बटणावर पडे, आणि काच निर्विकारपणे वर येई. किल्ली काढल्यावर काच चालू नये असा दंडक तेथील सरकारने १९७१ पासून घातला. बटण दाबून नव्हे तर बोटाने वर ओढूनच काच मिटावी, असा फेरबदल करावयास मात्र आणखी तीन-साडेतीन दशके लागली. याच देशात राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये मोटार कारखानदारांवर ग्रंथरूपाने फिर्याद मांडली, आणि दुसऱ्याच वर्षी, १९६६ मध्ये, वाहनसुरक्षेचा कायदा होऊन सदोष मोटार परत बोलावण्याला शासकीय अधिष्ठान मिळाले. जपानने १९६९ मध्ये तीच वाट धरली. आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहनांचे तीन कायदे झाले. परवाना, नोंदणी, कर, दंड यांची कलमांमागून कलमे त्यांत आली, परंतु विकल्यानंतर सदोष ठरलेल्या मोटारीचे उत्तरदायित्व कोणी व कसे घ्यावे, याविषयी ते मौनच राहिले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या १९६६ पासूनच्या नामांकित संस्था नवे वाहन बाजारात येण्यापूर्वी त्याचा नमुना तपासत आणि आजही तपासतात. परंतु नमुना निर्दोष असणे आणि त्याबरहुकूम निघालेली लाखावी गाडी पाच पावसाळ्यांनंतर निर्दोष असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद हिंदुस्थानातील मध्यमवर्गाच्या ध्यानात आणून दिला तो होंडा सिटीच्या प्रकरणाने. १९९८ मध्ये येथे अवतरलेली ही मोटार पुणे-मुंबईच्या संगणक-अभियंत्यांपासून नांदेड-लातूरच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांपर्यंत सर्वांच्या प्रतिष्ठेचा विषय होऊन बसली होती. २०१० च्या जानेवारीअखेर कंपनीने जगभरातील सुमारे ६,४६,००० जॅझ, फिट आणि सिटी मोटारी परत बोलावल्या, आणि त्यांत हिंदुस्थानातील, २००७ मध्ये बनलेल्या, दुसऱ्या पिढीच्या ८,५३२ सिटी होत्या. कारण ऐकून लोक प्रथम हसले: चालकाच्या खिडकीतून पाणी आत गेल्यास काचेचे बटण तापून पेट घेण्याचा संभव. दक्षिण आफ्रिकेत २००९ मध्ये अशाच मोटारीला लागलेल्या आगीत एका लहान मुलाचा जीव गेला होता, हे कळल्यावर हसणे थांबले.

त्या बटणाची रचना पाहिली म्हणजे भीती अनाठायी नव्हती हे कळते. चालकाच्या दारावरील हात टेकावयाच्या जागी चारही काचांची बटणे एकत्र बसविलेली असतात. प्लास्टिकच्या एका डबीत तांब्याच्या पट्ट्या एकमेकींपासून अगदी थोड्या अंतरावर असतात, आणि बटण दाबले की त्या भिडून दारातील मोटरला प्रवाह मिळतो. ही डबी खिडकीच्या ऐन खाली येते. काच उघडी राहिली, पावसाची झड आली, किंवा काचेच्या कडेचे रबर उन्हाने फाटले, की पाणी ओघळत नेमके तिच्यात उतरते. शुद्ध पाणी एक वेळ वाळून जाईल. पण रस्त्यावरची धूळ, क्षार आणि घामाची ओल घेऊन आलेले पाणी पट्ट्यांमध्ये प्रवाहाला चोरवाट करून देते. त्या वाटेने थोडा थोडा प्रवाह झिरपतो, प्लास्टिक तापते, करपते, आणि करपलेले प्लास्टिक म्हणजे कोळसाच असल्यामुळे प्रवाहाची वाट अधिकच रुंद होते. हे सर्व डबीच्या आत, झाकणाखाली, कोणाच्या नकळत चाललेले असते. काच मात्र शेवटपर्यंत व्यवस्थित वर-खाली होत राहू शकते. हॅण्डलप्रमाणे आधी सूचना देण्याचे सौजन्य तिच्यापाशी नाही.

पुढे २०११ च्या सप्टेंबरात कंपनीने त्याच बटणासाठी दुसरे बोलावणे काढले. या खेपेस जगभरातील नऊ लाखांहून अधिक मोटारी होत्या आणि हिंदुस्थानातील सिटींची संख्या ७२,११५ होती. आठ हजारांवरून बहात्तर हजारांवर गेलेला हा आकडा मला त्या प्रकरणातील सर्वांत बोलका वाटतो. पहिल्या खेपेस दोषाभोवती जे वर्तुळ आखले ते अपुरे होते, आणि वीस महिन्यांच्या अवधीत त्या वर्तुळाबाहेरचे हजारो मालक आपली मोटार निर्दोष आहे अशा समजुतीने पावसातून हिंडत होते. यात कंपनीची लबाडीच होती असे म्हणण्यास माझ्यापाशी आधार नाही. उलट आपण होऊन दुसऱ्यांदा चूक पदरात घेणे हे या देशातील व्यापाराच्या रीतीला सोडूनच होते. त्याच सुमारास एका देशी कंपनीने आपल्या लहानग्या नॅनो मोटारीला आगी लागल्याच्या बातम्यांनंतर, २०१० च्या अखेरीस, सर्व मालकांना अधिक सुरक्षेचे भाग फुकट बसवून देऊ केले, पण हे परत बोलावणे नव्हे असे निक्षून सांगितले. बोलावणे म्हणजे बेअब्रू, ही आपल्याकडील समजूत त्या एका निवेदनावरून पुरती दिसते.

खिडकीच्या बटणाचा तिसरा आणि माझ्या मते सर्वांत उद्बोधक प्रसंग २०१२ च्या ऑक्टोबरातील. टोयोटाने जगभरातील ७४ लाखांहून अधिक मोटारी परत बोलावल्या. हिंदुस्थानात कोरोला अल्टिस आणि कॅमरी मिळून ८,७०० होत्या. या खेपेस पाण्याचा काही संबंध नव्हता. बटणाच्या आत कारखान्यातच ग्रीस असमान लागले होते, त्यामुळे काही बटणे अडखळत चालत. आणि कंपनीने इशारा दिला तो असा, की अडखळणारे बटण सैल करण्यासाठी बाजारात मिळणारे वंगण त्यात फवारल्यास प्लास्टिक वितळून धूर निघू शकेल. उपाय म्हणून अधिकृत कार्यशाळेत फ्लोरिनयुक्त विशिष्ट ग्रीस लावून देण्यात आले.

हा इशारा जपानमध्ये बसून लिहिला गेला असला, तरी तो जणू नांदेड-मुदखेड रस्त्यावरील गॅरेजांकडे पाहूनच लिहिला असावा असे वाटते. काच अडकते अशी तक्रार घेऊन गाडी आली की मिस्त्री प्रथम दारावरच्या पॅडला पेचकस घालून तो उचकटतो. आत काळ्या मातीचा बारीक थर बसलेला असतो, कारण पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात त्याच चिखलाची भुकटी, असे या भागातील रस्त्यांचे वार्षिक चक्र आहे. मग फडक्याने पुसणे, रबरावर साबणाचे पाणी किंवा पावडर, रुळांना ग्रीस, आणि बटण जड लागत असेल तर हाताशी असलेल्या नळकांड्यातील तेलाचा एक फवारा. काच चालू होते, मालक खूश होतो, पाहुण्यांची गाडी लग्नाला वेळेत पोहोचते. या कारागिरांच्या हुशारीविषयी मला आदरच आहे. ज्या भागासाठी अधिकृत दुकान हजारो रुपये सांगते तो ते शंभर-दोनशेत उभा करतात, आणि त्यांच्यावाचून तालुक्यातील निम्मी वाहने उभीच राहतील. परंतु कंपनीच्या इशाऱ्याची प्रत त्यांच्या हाती पडण्याची सोय कोणत्याही पद्धतीत केलेली नाही. ती पाठविली जाते अधिकृत विक्रेत्यांना, म्हणजे जुन्या गाड्या ज्यांच्या दारात सहसा जात नाहीत अशांना.

कायदा आला तो या सर्वांच्या मागाहून. २०१२ च्या जुलैमध्ये वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाची संहिता तयार केली. पुढल्याच वर्षी १,१४,००० टवेरा गाड्या परत बोलावण्याचे प्रकरण उद्भवले; ते खिडकीचे नव्हते, मुख्यतः धुराचे होते, परंतु मराठवाड्यात लग्न, यात्रा आणि दवाखाना या तिन्हींसाठी भाड्याने धावणारी गाडी तीच असल्याने या बाजूच्या लोकांना बोलावणे म्हणजे काय हे प्रथम तिच्यामुळे कळले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम घातले गेले, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अंमलात आले. तक्रारी ठराविक प्रमाणाबाहेर गेल्यास केंद्र सरकारने चौकशी करावी, दोष सिद्ध झाल्यास कारखानदाराला बोलावणे काढण्याचा हुकूम द्यावा, आणि तशा प्रकरणी वाहनाचा प्रकार व संख्या पाहून १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड करावा, अशी ती योजना. ही योजना आली हे चांगलेच झाले. मात्र तिला एक अट आहे: वाहन सात वर्षांच्या आतील असले पाहिजे.

सात वर्षांची मर्यादा ज्याने ठरविली त्याने नव्या गाड्यांचे शहर डोळ्यांपुढे ठेवले होते, यात मला शंका नाही. पुणे किंवा हैदराबाद येथे पहिल्या मालकाने मोटार पाच-सहा वर्षे वापरावी, मग ती दलालामार्फत नांदेड-लातूरच्या बाजारात यावी, तेथील व्यापाऱ्याने दोन-तीन वर्षे मिरवावी, आणि नंतर ती मुदखेड, भोकर, उमरीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या अंगणात लागावी, हा जुन्या मोटारीचा नेहमीचा प्रवास. म्हणजे रबर फाटण्याचे, बटणात पाणी उतरण्याचे आणि मिस्त्रीने तेल फवारण्याचे वय सुरू होते, नेमके तेव्हाच तिच्यावरील कायद्याचे छत्र मिटते.

आणि छत्र असताना तरी निरोप कोणाला जावा? येथे मूळ दुखणे आहे ते नोंदीचे. मुदखेडच्या शिवारातील एक गुंठा जमीन विकली गेली तरी तलाठ्याच्या दप्तरी फेरफार होतो, नोटीस लागते, हरकती मागविल्या जातात; पण तीन-चार लाखांची मोटार मात्र सही केलेल्या टी.टी. फॉर्मांवर, म्हणजे नमुना २९ व ३० च्या कोऱ्या कागदांवर, एका हातातून दुसऱ्या हाती जात राहते. हस्तांतर कळविण्यासाठी कायद्याने विकणाऱ्याला, राज्यातल्या राज्यात, १४ दिवसांची आणि घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत दिली आहे. प्रत्यक्षात विमा संपेपर्यंत किंवा पोलिसाने अडवीपर्यंत कोणी घाई करीत नाही. कंपनीची यादी पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर थांबते, परिवहन खात्याची यादी कागदोपत्री मालकावर थांबते, आणि काचेचे बटण रोज दाबणारा माणूस दोन्ही याद्यांत नसतो. त्यातून पत्र निघालेच, तर याच जिल्ह्यात मुखेड नावाचे दुसरे तालुक्याचे गाव आहे, आणि एका अक्षराच्या फरकाने इकडचा कागद तिकडे जाण्याचा अनुभव दोन्ही गावांना आहे. नव्वद वर्षांपूर्वी २७ गाड्यांच्या खात्याला आपली प्रत्येक गाडी कोठे उभी आहे हे सांगता येत होते. आज कोट्यवधी वाहनांची नोंद संगणकात असूनही तेच सांगता येत नाही, याला यंत्राची उणीव कारण नाही, नोंद पुरी करण्याच्या आळसाला आपण दिलेली मुभा कारण आहे.

यावर उपाय फार खर्चिक आहे असे मला वाटत नाही. मोटार नावावर करून देताना परिवहन कार्यालय थकलेला कर आणि चालू विमा पाहतेच. त्याच वेळी चॅसिस क्रमांक कंपन्यांच्या बोलावण्यांच्या यादीशी ताडून पाहावा, काम बाकी असल्यास नव्या मालकाला लेखी इत्तिला द्यावी, आणि सात वर्षांची अट निदान आगीच्या व जीविताच्या दोषांपुरती काढून टाकावी, एवढी दुरुस्ती शासनाने केली तर पुष्कळ होईल. ती होईपर्यंत ज्यांच्या दारात जुनी मोटार उभी आहे त्यांनी आपल्या आर. सी.वरील १७ अक्षरांचा चॅसिस क्रमांक घेऊन नांदेड किंवा लातूर येथील त्या कंपनीच्या शोरूममध्ये एकदा विचारणा करावी. बोलावलेल्या गाडीचा भाग कंपनी विनामूल्य बदलून देते. तोवर बटण जड लागले तरी त्यात तेल फवारू देऊ नये.